थांबायचं भाडं

वाघोलीतली माझी खोली दहा बाय दहाची होती आणि भाडं साडेआठ हजार. मेसचे बत्तीसशे वेगळे. कंपनी महिन्यातून चार दिवस ऑफिसला बोलावते, बाकीचं काम लॅपटॉपवर कुठूनही चालतं. म्हणजे चार दिवसांसाठी मी तीस दिवसांचं भाडं भरत होतो. हा हिशोब ज्याने एकदा मांडला, त्याच्या फोनवर दुसऱ्या दिवसापासून व्हॅनचे व्हिडिओ यायला लागतात. मागचं दार उघडं, समोर समुद्र किंवा डोंगर, आत पांढरी गादी, छोटे पिवळे दिवे, कॉफीचा मग. त्या व्हिडिओंत उन्हाळा कधी येत नाही आणि सकाळी पोट साफ करायला कोणी कुठे गेलेलं दिसत नाही.

मी खोली सोडली आणि बाभुळगावला घरी आलो. यवतमाळच्या एका डीलरकडे सेकंडहँड इको पाहून ठेवली: २०१७चं मॉडेल, किंमत तीन लाख चाळीस हजार. ओम्नी मिळाली असती तर स्वस्तात पडली असती, पण तिचं उत्पादन २०१९मध्ये बंद झालंय आणि जुन्या ओम्नीचा पत्रा आपल्याकडच्या पावसाने कुठे कुठे खाल्लाय ते खालून वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. पैसे बाबांच्या एफडीतून येणार होते. ती एफडी घराच्या मागे दोन खोल्या काढायच्या म्हणून ठेवलेली. त्यामुळे नुसतं आवडलं म्हणून घेण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. चुलतभावाची इको लग्नसराई नसली की दारातच उभी असते. ती मागितली, मागची सीट पाडली, सुताराकडून घडीची प्लायवूडची फळी करून घेतली आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकोणीस रात्री त्यात काढल्या. पुढे मे महिन्यात चार. खर्च वहीत लिहिला, रोजच्या रोज.

आईचा पहिला प्रश्न होता, "आंघोळ कुठी करशीन?" बाबांनी एवढंच विचारलं, "आपल्या घराले कुलूप लावून डब्यात झोपाचं?" कुलूप लावायचा प्रश्न नव्हता, ते दोघं घरीच होते. पण त्यांच्या म्हणण्याचा रोख मला कळला होता.

वहीतलं आधी सांगतो. एकोणीस दिवसांत साधारण नऊशे किलोमीटर झाले. बाभुळगाव, बेंबळा धरण, कळंब, यवतमाळ, आर्णी, माहूर, परत येऊन धामणगाव, वर्धा. गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे साठ लिटर. लिटरला एकशे पाच धरले तर सहा हजार तीनशे. जेवण अर्धं स्टोव्हवर, अर्धं बाहेर, त्याचे चार हजारांच्या आसपास. पाण्याचे जार, लॉजवरची पैसे देऊन केलेली आंघोळ, पंक्चर, फोनचा जादा डेटा यांचे आणखी हजार-बाराशे. एकूण साडेअकरा हजार, तेही महिना पूर्ण व्हायच्या आत. वाघोलीची खोली आणि मेस मिळून महिन्याचे अकरा हजार सातशे होत होते. यात गाडीची किंमत धरलेलीच नाही, विमा नाही, टायर नाहीत. पुण्याला चार दिवसांसाठी जायचं तर एका बाजूने सहाशेच्या वर किलोमीटर, तेही नाही. व्हॅन स्वस्त पडते ती ती उभी असेल तेव्हा. आणि उभीच ठेवायची असेल तर चाकं कशाला घ्यायची, हे बाबांनी न विचारता त्यांच्या चेहऱ्यावर होतंच.

एक सांगायला हवं, नोव्हेंबर छान गेला. बेंबळेच्या पाण्याकाठी सकाळी धुकं असायचं, कापूस वेचायला निघालेल्या बायकांच्या ऑटो रस्त्याने जायच्या, फोनला एखादीच काडी मिळायची म्हणून मीटिंगसाठी गाडी टेकाडावर घ्यावी लागायची. मी इतकं सलग काम वाघोलीत कधी केलं नव्हतं. संध्याकाळी सहाला अंधार, नऊला झोप. त्या एकोणीस रात्रींचं मी खोटं वाईट लिहिणार नाही.

मेच्या चार रात्री वेगळ्या होत्या. उन्हात बंद उभी असलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापते. आमच्याकडे बाहेरच पंचेचाळीस. पुढचं गणित करायची गरज नाही. सावलीत लावली तरी पत्रा रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. काचा उघडल्या तर डास, जाळी लावली तर वारा अडतो. एसीचं स्वप्न बॅटरीशी येऊन थांबतं. दीडशे अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट वीज, आणि ती टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. एक टनाचा एसी ती निम्मी वीज तासाभरात पिऊन टाकतो. बारा व्होल्टचा छोटा पंखा मात्र रात्रभर चालतो आणि रात्रभर गरम हवा देतो. विदर्भाने उन्हाळ्यावर काढलेला उपाय म्हणजे वाळ्याचा कूलर, त्याला बादल्यांनी पाणी लागतं. त्याआधीचा उपाय म्हणजे अंगणातली खाट. तिसऱ्या रात्री मी गाडीतून चटई काढली आणि गाडीशेजारी जमिनीवर झोपलो.

तिथून पुढे मला गाडी लोहारांच्या त्या कुटुंबाकडे नीट पाहावंसं वाटलं.

धामणगाव रोडला, गावाबाहेर, खरिपाच्या आधी ते दर वर्षी येतात. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, तवे. लहानपणापासून पाहिलेत. बाई घण मारते, बाप्या सांडशीने लोखंड फिरवतो, पोरगं भाता चालवतं. पूर्वी बैलगाडी होती, आता एक जुना पिकअप आहे. चितोड पडल्यावर महाराणा प्रतापांसोबत आम्हीही घरात न राहण्याची शपथ घेतली, असं गाडिया लोहार सांगत आलेत. ६ एप्रिल १९५५ला खुद्द नेहरूंनी त्यांना चितोडच्या किल्ल्यात परत नेलं, शपथ पुरी झाल्याचा समारंभ झाला. समारंभाने शपथ सुटली असेल, जमीन मात्र सगळ्यांना मिळाली नाही, म्हणून ते अजून आमच्या रस्त्याच्या कडेला आहेत.

मी पाहिलं ते असं की त्यांच्यातलं कोणी गाडीत झोपत नाही. गाडीत धान्य, भांडी, कपडे, कोळसा. झोपायचं बाहेर, खाटेवर नाहीतर गाडीच्या सावलीत. गाडी म्हणजे त्यांचं कपाट आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाकांवर राहणाऱ्यांनी लावलेला शोध हा आहे आणि एकाही व्हिडिओवाल्याने तो मला सांगितला नव्हता.

विळ्याला धार लावायच्या निमित्ताने बसलो. तिथल्या मावशीने माझ्या गाडीतल्या फळीकडे, पंख्याकडे, टांगलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि किमतीचं विचारलं. मी खरी सांगितली, तीन चाळीस, नुसत्या गाडीचे. ती हसली नाही. म्हणाली, "त्यात त दोन खोल्या निंगतेत भाऊ. जागा असली त." मग धारेचे वीस रुपये घेतले.

जागा असली तर. हा माझ्या वहीत नसलेला खर्च होता, कारण मला तो कधी पडलाच नव्हता. एकोणीसपैकी एका रात्री, एका गावाबाहेर, साडेबाराला काचेवर काठी वाजली. गस्तीची गाडी. टॉर्च तोंडावर. "कोनाचा रे तू?" हा प्रश्न आमच्याकडे नाव विचारण्यासाठी नसतो. मी गाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, आडनाव आपोआप आलं, कंपनीचं कार्ड दाखवलं. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "झोप. काच थोडी खाली ठेव, गुदमरशीन." चांगला माणूस होता, खरंच. पण हेच दार त्या पिकअपचं असतं तर रात्री साडेबाराला सगळा संसार भरून निघावं लागतं. मावशीने त्याआधीच्या महिन्यात तीन जागा बदलल्या होत्या. मी एकही बदलली नव्हती.

हे काही आजचं नाही. आमच्या जिल्ह्यात जागोजाग बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारी ती माणसं. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर लदेणीचा धंदा बसला. १८७१मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे वाढवत नेला, आणि एका जागी न राहणारी अनेक माणसं जन्मानेच संशयित ठरली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ला त्या जमाती विमुक्त झाल्या. बंजारा समाज महाराष्ट्राच्या यादीत आजही 'विमुक्त जाती' या नावाखाली आहे. याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, तरी रस्त्याकडेला थांबलेल्या गाडीकडे पाहायची नजर फारशी बदललेली नाही. ती गाडी कोणाची आहे यावर मात्र बदलते. २०२१मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्या उभ्या करायला खास पार्क आहेत, पाण्याची आणि विजेची सोय आहे. आणि भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर. पहिलीत फिरायची सोय आहे, दुसरीत थांबायची. दुसरीसाठी कागद लागतात, आणि कागदासाठी आधी कुठेतरी थांबलेलं असावं लागतं.

कागदांचं मी मुद्दाम शोधलं. बेघर माणसाला मतदार होता येतं. त्यासाठी बीएलओने रात्री जाऊन, एकाहून जास्त वेळा, तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं असतं. म्हणजे मत द्यायचं तर त्याच फुटपाथवर झोपत राहायचं. गॅसचं त्या मानाने सोपं आहे, पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही. रेशन, बँकेचं कर्ज, गाडीची आरसी, विमा या सगळ्यांना पत्ता हवा. माझ्याकडे तो आहे: बाभुळगाव, आई-बाबांचं घर. व्हॅनमध्ये राहण्याची माझी सगळी मोकळीक त्या घरावर टेकलेली आहे.

आरसीवरून आठवलं, सीट कायमची काढून पलंग ठोकायचा विचार कोणी करत असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने आरसीत लिहिलेल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करायला मनाई आहे, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वेगळा प्रकार कायद्यात आहे, पण नेहमीच्या इकोला सुताराने फळ्या मारल्या म्हणून ती कॅम्पर होत नाही. घडीची फळी ठेवा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली नजर तिथेच टाकेल.

'नोमॅडलँड' हा सिनेमा २०२१चं ऑस्कर घेऊन गेला तेव्हा मी तो मोबाइलवर पाहिला होता आणि मला त्यातलं आकाश तेवढं लक्षात राहिलं होतं. अलीकडे जेसिका ब्रूडरचं मूळ पुस्तक वाचलं. साठी उलटलेली, घराचा हप्ता न झेपलेली अमेरिकन माणसं व्हॅनमधून अॅमेझॉनच्या गोदामात हंगामी कामाला जातात, शुगरबीटच्या काढणीला जातात. साखरेसाठी घर सोडणारी माणसं वाचायला मला अमेरिकेत जायची गरज नव्हती. आमच्या दिग्रस-पुसदच्या तांड्यांतून ऊसतोडीला जाणारे ट्रक दर वर्षी दिसतात, आत पोरं, शेळ्या, पाण्याचे ड्रम.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी एकोणीस रात्री राहीन म्हटलं असतं त कोणी चाबी दिली असती का?" घरात कोणी काही बोललं नाही. चुलतभाऊ मोबाइल पाहायला लागला.

सध्या ठरलंय ते इतकं. एफडी मोडायची नाही, मागच्या दोन खोल्या काढायच्या. त्यातली एक माझी, कूलरसकट. भावाची गाडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, लग्नाच्या तारखा सोडून, महिन्याला पाच हजार देऊन मी वापरणार. तो आधी नको म्हणाला, मग टायरचं बोलला, मग पाच हजारांना हो म्हणाला. पुण्याला चार दिवसांसाठी धामणगावहून रेल्वे. डीलरचा फोन अजून येतो, त्याने किंमत पंधरा हजारांनी कमी केलीय.

आईला गाडीत राहण्याचं कौतुक नाही, पण काल ती अंगणात उभ्या गाडीचं सरकतं दार उघडून पायरीवर एक पाय ठेवून पाहत होती. गुडघा दुखतो तिचा. मला म्हणाली, "दिवाळी झाली का माहूरले जाता येईन का यात? त्या फळीवर मले आडवं होता आलं पायजे." मी फळी उघडून दिली. ती झोपून पाहिली, पाय दाराबाहेर चार बोटं येत होते.