सवणं

आमच्या सांगोल्यातल्या जुन्या घराच्या छताला एक भोक आहे. हातभर लांब, हातभर रुंद. ते मुद्दाम ठेवलेलं आहे आणि त्याला आमच्याकडे सवणं म्हणतात. सांगोल्यात पाऊस पडतो वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. त्यामुळे छताला भोक ठेवणं हा इथं वेडेपणा नव्हता. पाऊस आलाच तर घरातलं कुणीतरी जिन्यानं पळत वर जायचं, सवण्यावर जुनं घमेलं पालथं घालायचं, वर एक दगड ठेवायचा. पाऊस थांबला की घमेलं बाजूला. एवढीच त्याची व्यवस्था होती. ती मी बिघडवली.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती. त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या किलच्या, त्यावर पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. ही शेतातली माती नव्हे. काळी माती पावसात फुगते आणि वाळली की भेगाळते, ती छतावर चालत नाही. पांढरी माती मिळते जुन्या गावठाणात, पडक्या वाड्यांच्या ढिगाऱ्यात, जिथं पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडल्या आणि पुन्हा उठल्या. ती बारीक असते, तिच्यात चुन्याचा अंश असतो. पहिल्या सरीत तिचा वरचा थर दाटून बसतो आणि पाणी आत मुरण्याआधी उतारानं पन्हाळीकडे निघून जातं. मात्र दरवर्षी मृगाच्या आधी तिच्याकडे बघावं लागतं. उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नवी माती पसरायची आणि चोपायची. भिंतींना खिडक्या जवळजवळ नसतात. उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला वाट एकच, सवणं.

लहानपणी आम्ही उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो. सकाळी उठलं की सवण्याला तोंड लावून खाली ओरडायचं, "आये, चहा टाक." खालून उत्तर यायचं, कधी उत्तराऐवजी धूर. मांजर तिथूनच ये-जा करायची. आईचं घड्याळही तेच होतं. सवण्यातून पडलेला उन्हाचा कवडसा सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असायचा, मग खाली उतरत जात्याजवळ यायचा. जात्याला लागला की वडील शेतातून जेवायला येणार. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्याची जागा बदलते, हेही तिला पाठ होतं.

मी 2009 साली शिक्षक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात लागलो. दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. आमच्याकडे वर्षभर पडत नाही तेवढा पाऊस तिथं जुलैच्या पंधरवड्यात पडतो. पहिल्या पावसाळ्यात मला रात्र रात्र झोप आली नाही. मी भाड्यानं राहायचो त्या घराला उतरतं कौलारू छप्पर होतं आणि माझ्या खोलीच्या वर दोन काचेची कौलं बसवलेली होती. उजेडासाठी. म्हणजे त्यांचं सवणंच, पण बंद. 1865 साली मंगळुरात बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ही खाचेची कौलं किनाऱ्यावर पसरली. काचेचं कौल त्याच साच्याचं असतं, त्याच रांगेत बसतं. तेवढ्या पावसात त्या काचेतून एक थेंब खाली येत नव्हता. खाऱ्या वाऱ्यानं तिथं खिळे दोन वर्षांत गंजतात, पत्र्याला भोकं पडतात, दाराच्या कड्या झिजतात. काच तेवढी तशीच.

मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात बसलं की काच हाच उपाय आहे.

2016 मध्ये वडील गेले. थोरला भाऊ शेतातल्या वस्तीवर राहायचा, स्लॅबच्या घरात. डाळिंबाचे पैसे आले तशी आमच्या भागातली माळवदं झपाट्यानं गेली. आई मात्र गावातलं घर सोडून वस्तीवर जायला तयार नव्हती. गुडघे दुखत असल्यामुळे तिला जिना चढवत नव्हता. म्हणजे पाऊस आला तर घमेलं कोण घालणार? मी 2018 च्या मे महिन्यात सुट्टीला आलो आणि तिला न विचारता कामाला लागलो. लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली, तिच्यात जाड काच बसवली, फटींत सिलिकॉन भरलं आणि चौकट सवण्यावर ठेवून भोवती वीतभर रुंद सिमेंटची पट्टी घोटली. हाताशी सिमेंट उरलं होतं म्हणून जवळपासच्या दोन भेगांवरही फासलं. दोन दिवसांत काम झालं. आई खाली उभी राहून वर बघत होती.

"आरं, त्ये झाकू नगंस. घराचं नाक हाय त्ये."

मी म्हटलं, "आये, आता गॅस आहे. धूर कुठंय?"

ती काही बोलली नाही.

त्या वर्षी ते गळलं नाही, कारण गळायला पाऊस लागतो. 2018 चा पावसाळा आमच्याकडे कोरडाच गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात जागोजागी चारा छावण्या उभ्या राहिल्या. मी दापोलीतून फोनवर विचारायचो, "गळतंय का?" आई म्हणायची, "न्हाई." मी खूश. उन्हाळ्यात काचेखाली घर तापतं, दुपारी तिथं बसवत नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. मी पंखा घेऊन दिला.

बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात लोखंड वाढतं, रात्री आक्रसतं. सिलिकॉन एका उन्हाळ्यात कडेनं सुटलं. पण खरी चूक वेगळी होती. माती सुकली की मागं सरते, सिमेंट सरत नाही. जिथं दोन्ही भेटत होती तिथं केसाएवढी फट पडली आणि 2019 च्या परतीच्या पावसात पाणी त्या फटीतून सिमेंटच्या खाली गेलं. उघड्या मातीत शिरलेलं पाणी चार दिवसांच्या उन्हात वर उडून जातं. झाकलेल्या मातीत ते अडकतं. खाली थेंब पडला नाही, भिंतीवर फक्त एक तपकिरी ओघळ दिसला. पाणी सवण्याशेजारच्या तुळईच्या टोकाशी, भिंतीत शिरलेल्या भागात जाऊन बसलं होतं. तिथंच वाळवी लागली. पूर्वी चुलीचा धूर त्या लाकडांना रोज लागायचा, लाकडं काळी कुळकुळीत असायची. धुरानं वाळवी लागत नाही असं आमच्याकडची माणसं मानतात. गॅस आल्यावर धूर आधीच कमी झाला होता. माझ्या काचेनं वाराही बंद केला.

मग 2020 आलं. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. दापोलीत आम्ही दार लावून बसलो होतो आणि वरची कौलं पानांसारखी उडत होती. माड, पोफळी, आंबे आडवे झाले. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. घरमालक काका सत्तरीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात फुटलेल्या कौलांतून साबूत कौलं वेगळी काढत बसले होते. मी त्यांना मदत करत होतो. काचेचं एक कौल फुटलं होतं, एक राहिलं होतं. ते हातात घेऊन मी म्हटलं, "काका, एवढ्या पावसात यातून पाणी कसं येत नाही?"

ते म्हणाले, "गुरुजी, काचेतनं कधीच पाणी येत नाही हो. येतं ते काठातनं. इथं काठाला आम्ही काही लावतो का? वरचं कौल खालच्यावर चार बोटं चढवायचं, बस. पाण्याला अडवायला गेलात की ते तुम्हाला पुरून उरणार."

मी हे ऐकलं, पण सांगोल्याची चौकट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

सांगोला समुद्रापासून लांब आहे, पण समुद्र कधीकधी तिथवर येतो, तोही उलट्या बाजूनं. त्या वर्षी बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा 13 ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ किनाऱ्याला लागला आणि तेलंगण, उत्तर कर्नाटक ओलांडून सोलापूर जिल्ह्यावर आला. 14 तारखेला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. सांगोल्यात दिवसभर पाऊस लागून राहिला होता. माळवद अशा पावसासाठी नसतंच. ते सरींसाठी असतं, झडीसाठी नाही.

आईची खाट सवण्याखाली होती. मोतीबिंदूमुळे तिला तिथल्या उजेडाचाच आधार होता, म्हणून ती तिथं झोपायची. संध्याकाळी काचेच्या कडेनं थेंब सुरू झाले. तिनं आधी पातेलं ठेवलं. मग उशी सरकवली. मग वैतागून वाकळ उचलली आणि सोप्यात, दाराजवळ जाऊन पडली. रात्री कधीतरी तुळईचं टोक भिंतीतून निसटलं. दोन कड्या, किलच्या, ओली माती आणि काचेची चौकट, सगळं खाटेवर आलं. शेजारी आवाजानं उठले. आई दारात उभी होती.

भावाचा फोन आला तेव्हा पहाट व्हायची होती. मी कुंभार्ली घाटानं कराड, विटा, आटपाडी करत आलो. वाटेत पूल पाण्याखाली आहेत का हे विचारत थांबावं लागलं. घरात शिरलो तर आत नेहमीपेक्षा जास्त उजेड. खाटेची दोरी तुटलेली, मधोमध सिमेंटचा एक मोठा तुकडा. मी घोटलेला. त्यावर माझ्या थापीचे ओरखडे दिसत होते. आई चहा करत होती. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

भाऊ म्हणाला, पाडू आणि स्लॅब टाकू. त्याचं चूक नव्हतं. मी त्याच्याकडून एक उन्हाळा मागून घेतला. त्या खणाला टेकू दिले, वर ताडपत्री टाकली आणि आई तेवढे महिने वस्तीवर राहिली. 2021 च्या मे महिन्यात काम काढलं. तरुण मिस्त्री माळवदाला हात लावायला तयार नव्हते. शेवटी एक म्हातारे गवंडी मिळाले. त्यांनी वीस वर्षांत माळवद केलं नव्हतं, पण ऐकून हसले आणि आले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी आधी सगळं सिमेंट काढायला लावलं. उरलेल्या तुळया पहारीनं ठोकून आवाज ऐकला. एक बदलली, आमच्याच बांधावरच्या लिंबाची. लिंबाचं लाकूड कडू, वाळवी लवकर जात नाही.

सवण्याचं काय करायचं यावर दोन दिवस गेले. तात्या म्हणत होते, पूर्वीसारखं उघडं ठेवा आणि घमेलं ठेवा. पण घमेलं घालायला वर जाणार कोण, हा प्रश्न तसाच होता. मी कागदावर चौकटी काढत होतो. आई शेजारी भाकऱ्या करत होती. ती म्हणाली, "भाकरीच्या डब्याचं झाकण आत बसतंय का भायेर?"

बाहेर. बाहेरूनच बसतं. काकांच्या कौलाचं म्हणणंही हेच होतं, आणि मला ते कळायला दोन घरांची छपरं जावी लागली.

तात्यांनी सवण्याभोवती विटा आणि चुन्यात हातभर उंच उंबरा बांधला. पांढरी माती त्या उंबऱ्याला चढवून चारी बाजूंनी बाहेर उतार दिला, म्हणजे पाणी सवण्यापाशी येऊन थांबणारच नाही. त्यावर पत्र्याचं झाकण, उंबऱ्यापेक्षा मोठं, त्याच्या कडा बाहेरून चार बोटं खाली लोंबणाऱ्या. झाकणात काच, एका बाजूला उतरती, खालच्या कडेला पत्र्याच्या पुढं आलेली. झाकण उंबऱ्याला चिकटवलेलं नाही. ते चार विटांवर टेकलंय आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तारेनं आकड्यांना बांधलंय. मधल्या फटीला जाळी. सिलिकॉन फक्त काच आणि पत्रा यांच्यात. मातीला सिमेंट कुठंच लागत नाही.

मांजरीची वाट मात्र जाळीमुळे बंद झाली. ती अजूनही वर येऊन झाकणाभोवती फेऱ्या मारते.

त्या पावसाळ्यात मी दापोलीहून फोन केला. आई म्हणाली, "येतंय एका कोपऱ्यातनं. थेंब थेंब." माझं काळीज गेलं. मग तिनं सांगितलं, पाऊस तिरका होता, जाळीतून आला, वाटी ठेवली, भरली नाही. पुढच्या सुट्टीत त्या बाजूची कड दोन बोटं वाढवली.

2022 मध्ये माझी आंतरजिल्हा बदली झाली आणि मी घरी आलो. आता मृगाच्या आधीचं काम माझ्याकडे आहे. पांढरी माती मिळणं अवघड झालंय. पडके वाडे होते तिथं दुकानगाळे उभे राहतायत. कुणाचं जुनं घर पाडायला काढलं की मी ट्रॅक्टर ठरवून माती मागायला जातो. लोक फुकट देतात, वर हसतात. परसात एक ढीग साठवून ठेवलाय, दोन-तीन वर्षं पुरेल.

यंदाही मे संपता संपता वर चढलो. गवत उपटलं, माती पसरली, पाणी शिंपडून चोपायला लागलो. आई खाली सवण्याखाली उभी होती, मान वर करून. तिला मी दिसत नाही, पण चोपण्याचा आवाज ऐकून कुठं माती कमी आहे ते तिला कळतं.

"पन्हाळीच्या अंगाला पोकळ वाजतंय. आजून दोन पाट्या टाक."

टाकल्या. परत चोपलं.

"आता?"

"आता बरं वाजतंय. उतर खाली, कवडसा जात्यावर आलाय."

जाळीतून चहाचा वास येत होता.