चाळीस लिटरचा समुद्र आणि दुसऱ्या मजल्यावरची ओल

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीचे जे इतिवृत्त गेल्या दिवाळीनंतर सभासदांना वाटण्यात आले, त्यात एक वाक्य आहे : ‘दुसऱ्या मजल्यावरील ओलीचा प्रश्न निकाली निघाला.’ तो कोणी निकाली काढला, ओल कशाची होती, आणि सबंध पावसाळाभर ज्याच्या माथी तिचा ठपका मारण्यात आला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाचे पुढे काय झाले, याविषयी त्यात अवाक्षर नाही. उभा जन्म महसूल खात्याच्या दप्तरात गेल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे, याकडेच माझी दृष्टी आधी जाते. आणि या गाळलेल्या मजकुराने मला जो मनस्ताप दिला, तितका नोकरीतल्या एकाही वरिष्ठाच्या शेऱ्याने दिला नसेल.

निवृत्तीनंतर मुलुंडच्या घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडण्याची बुद्धी मला का झाली, हे विस्ताराने सांगण्यात स्वारस्य नाही. मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले, त्यांना ते सांगावे लागणार नाही. ज्यांनी पाहिले नाही, त्यांना सांगून कळणार नाही. टाकी दीड फूट लांब आणि फूटभर रुंद व उंच, म्हणजे 40 लिटर पाण्याची; क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली. आत सच्छिद्र दगड, पांढरी वाळू, पाणी खेळते ठेवणारा एक पंप आणि वर एक दिवा. मुंबईत राहून मीठ विकत आणून समुद्र करता, असा उपरोध ज्याने त्याने केला. पण आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात शहराचे सांडपाणी किती आणि पावसाळ्यात खाडीचे गोडे पाणी किती मिसळते, याचा विचार कोणी करीत नाही; आणि स्वयंपाकघरातले मीठ घालावे, तर त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचा समुद्रात असतो तसा मेळ नसतो. म्हणून गाळून निःक्षार केलेल्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार राहतील अशा बेताने तयार समुद्रमीठ विरघळवावे लागते.

पुढचे कित्येक आठवडे टाकीत मासा नव्हता. दगडांच्या छिद्रांत सूक्ष्म जीवाणूंची वस्ती व्हावी, त्यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करण्यास आरंभ करावा, तोवर तिथे जीव सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय. सौभाग्यवती रोज संध्याकाळी विचारीत, ‘अहो, दगडांनाच दिवा लावून बसायचं का?’ मग सगळ्यावर एक तपकिरी साय चढली, ती ओसरून हिरवे शेवाळ आले, आणि तेही विरळ झाल्यावर मी दोन जीव आणले : आपल्या खाडीतल्या निवट्यांच्या गोत्रातला एक बोटभर गोबी मासा आणि एक पिस्तुल कोळंबी. हिला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर वाळूत बीळ खणते, पंज्यांनी वाळू ढकलीत दाराशी येते, आणि बाहेर पाऊल टाकताना आपली एक मिशी दारात पहारा करणाऱ्या माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. माशाने शेपटी थरथरवली की ती तत्काळ मागे. कोणत्याही कचेरीत चपराशी आणि साहेब यांच्यात इतका बिनचूक संकेत माझ्या पाहण्यात आला नाही. ही कोळंबी आपला मोठा पंजा मिटते तेव्हा ‘टक्’ असा आवाज होतो, काच तडकावी तसा. या आवाजाचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून नमूद करून ठेवतो.

प्रवाळांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावरून माझ्याविषयी बरेच बोलले गेले. एका दुकानदाराने गल्ल्याखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा दाखवून, ‘साहेब, घ्या, घरात कोण बघायला येतंय?’ असे विचारले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे 2001 पासून आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी त्या तुकड्याची मातब्बरी वाघाइतकी. मी तो नाकारला, आणि चुन्याचा सांगाडा नसलेली, दिवा लागल्यावर बटनांसारखी उमलणारी झोअँथिडे तेवढी ठेवली. त्यांच्या भाईबंदांची पुंजके धरून बसलेली वस्ती मुंबईच्या खडकांवर ओहोटीला कोणालाही दिसेल. (यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जालीम विष असते, दगड उकळत्या पाण्यात घालून साफ करण्याची हुशारी कोणी करू नये, वाफ फुप्फुसात गेल्यास प्राणाशी गाठ पडते.) कायदा मला पूर्णतः मान्य आहे. तरीही सागरी किनारा मार्ग बांधताना वरळी आणि हाजी अलीची प्रवाळे रीतसर परवान्याने उचलून 2020 साली दुसरीकडे नेण्यात आली, हे वर्तमान वाचले तेव्हा, तुकडा उचलणे हा गुन्हा आणि वसाहत उचलणे हे संवर्धन, असा एक वाकडा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. कदाचित तो विचार चुकीचाही असेल. न हलवली असती तर ती भरावाखाली गेली असती.

असो. आषाढात दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या न्हाणीघराबाहेरच्या छताला ओल आली, त्यावर पांढरा थर धरला, आणि आठवड्याच्या आत मला कार्यकारिणीची नोटीस आली : ‘आपण सदनिकेत खाऱ्या पाण्याचा साठा केल्यामुळे इमारतीच्या स्लॅबला धोका उत्पन्न झाला आहे. तरी सदर साठा सात दिवसांच्या आत हटवावा, अन्यथा होणाऱ्या नुकसानीची भरपाई आपणांकडून वसूल करण्यात येईल.’ मसुदा म्हणून नोटीस निर्दोष होती. असे मसुदे मी स्वतः शेकड्यांनी लिहिले आहेत. फरक इतकाच की, आमच्या खात्यात आधी स्थळपाहणी आणि पंचनामा होत असे, हुकूम मागाहून निघे. टाकी दिवाणखान्यात, खिडकीशी. ओल घराच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीघरापाशी. पाणी मधल्या दोन खोल्या कोरड्या ठेवून तिथवर कसे पोहोचले, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

माझ्या विनंतीवरून चिटणीस, खजिनदार आणि तक्रारदार गृहस्थ पाहणीस आले. मी टाकीखालची कोरडी फळी दाखवली, फरशी दाखवली. तेवढ्यात कोळंबीने पंजा मिटला. ‘टक्!’ तक्रारदार दोन पावले मागे सरकून म्हणाले, ‘बघा, काच तडकली!’ मी कोळंबीची सगळी हकीकत सांगितली. तिच्यावर विश्वास बसल्याचे एकाही चेहऱ्यावर दिसले नाही. मग आम्ही खाली गेलो. छतावरचा पांढरा थर बोट लावून दाखवीत खजिनदार म्हणाले, ‘हे मीठ नाही तर काय?’ सिमेंटमधला चुना झिरपणाऱ्या पाण्यात विरघळून बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून असा थर बनवतो, हे मी सांगितले. एवढ्यावर न थांबता तो कण जिभेला लावून खारट नसल्याची ग्वाहीही दिली आणि आपणही चव घ्यावी अशी चिटणिसांना विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही.

नंतर मी वरून अपवर्तनमापक घेऊन आलो. हे साधन साधे आहे : निळ्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण मिटायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळ्या आणि पांढऱ्या रंगांची सीमा ज्या आकड्यावर असेल तितकी क्षारता. टाकीचे पाणी 35 वर. छतावरून वाटीत जमलेले पाणी शून्यावर. तिघांनीही डोळा लावून पाहिले, तिघांनाही शून्य दिसले, आणि तिघांपैकी एकजण म्हणाला, ‘पण काका, हे यंत्र तुमचं आहे.’ मी म्हणालो, दुसरे कोणाचे आणा, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्यावर प्रयोगशाळेचा खर्च कोणी सोसायचा हा मुद्दा निघाला आणि विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला.

त्या पुढील सभेत जे घडले, ते मी अद्याप विसरू शकत नाही. टाकीची एक वही मी ठेवतो, जुनी खोड. तिच्या एका रकान्यात रोज किती गोडे पाणी भरले ते, दुसऱ्यात क्षारता. टाकीतल्या पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते; म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करायची असते, आणि उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर तापू नये म्हणून पृष्ठभागावर पंखा सोडला की दिवसाला अर्धा-पाऊण लिटर सहज उडते. आता ज्याला त्रैराशिक येते त्याला हे समजावे की, पाणी जर गळत असते तर त्याबरोबर मीठही गेले असते, आणि मी वरून गोडे पाणी ओतीत राहिल्याने क्षारता दिवसेंदिवस उतरत गेली असती. माझ्या वहीत ती सबंध पावसाळाभर 35 च्या आसपास स्थिर होती. याहून निर्णायक पुरावा गळतीच्या कोणत्या फिर्यादीत कोणी दाखल केला असेल, असे मला वाटत नाही. खजिनदारांनी वही हातात घेतली, पहिल्या रकान्यावर बोट ठेवले आणि सभेला वाचून दाखवले : ‘रोज पाऊण लिटर! सभासदहो, हे पाणी जातं कुठे?’ मी दुसऱ्या रकान्याकडे लक्ष वेधले, तेव्हा उत्तर मिळाले की, ती वही मीच लिहिलेली असल्याने पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. एकाच वहीचे, एकाच पानावरचे, एकाच हातचे दोन रकाने. त्यांतला माझ्या विरुद्ध जाणारा ग्राह्य, माझ्या बाजूचा अग्राह्य! मामलेदार कचेरीतला नवशिका कारकूनही हे धाडस करणार नाही. सभेत कोणी हसले नाही, कोणी हरकत घेतली नाही. चहा आला आणि लोक पार्किंगच्या विषयाकडे वळले.

मुद्दाम सांगतो, त्यांची शंका मूर्खपणाची नव्हती. क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरले की आतल्या सळ्या गंजून फुगतात आणि स्लॅबचे पोपडे पडतात. अलिबागला असताना समुद्राच्या वाऱ्याने खाल्लेल्या तुळया मी पाहिल्या आहेत. मी चिटणीस असतो तर मीही अशी नोटीस काढली असती. कदाचित सातऐवजी तीनच दिवसांची मुदत दिली असती. पण काढलेली नोटीस परत घेण्याचा एक कागद असतो, तोही काढला असता.

दसऱ्याच्या सुमारास प्लंबरने डक्टमधली भिंत फोडली. वरून खाली येणाऱ्या सामाईक नळाच्या सांध्याला चीर निघाली. सांधा बदलला, छत वाळले. आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक नळाच्या गळतीचा खर्च संस्थेचा असतो, म्हणजे त्यात माझाही हिस्सा आला. तो मी निमूटपणे भरला. माझे मागणे इतकेच होते की, इतिवृत्तात ‘सदर ओलीशी तिसऱ्या मजल्यावरील मत्स्यालयाचा संबंध नव्हता’ हे एक वाक्य यावे. ते आले नाही.

हा छंद धरू का, असे कोणी विचारले तर मी नको म्हणतो. लहान टाकी सोपी, हा समज उलटा आहे. पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते, आणि वीज गेली की पंप थांबून आतला प्राणवायू उतरू लागतो. शिवाय जिवंत प्राणी समुद्रातून काढून दिवाणखान्यात बसवण्याचा आपल्याला अधिकार तरी काय, हा प्रश्न मला रात्री पडतो. सकाळी पडत नाही. सकाळी मी भिंग घेऊन काचेवरचे टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड पाहत बसतो, आणि शेजारच्या इमारतीतला एक तरुण टाकी मांडतो आहे म्हणून माझे जुने मीठ-मोजमापाचे भांडे त्याला देऊनही टाकले आहे. त्याला एवढेच सांगितले की, विक्रेत्याला प्राणी पाळणुकीत जन्मलेला आहे की पकडलेला, हे विचार. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास साध्य केली आहे, तेव्हा पकडलेला घेण्याचे कारण नाही. आणि वही ठेव, पण रकाने दोन वेगळ्या वह्यांत लिही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत मूळ नोटीस मागे घेण्याचा विषय घ्यावा, असा अर्ज मी मागच्या महिन्यात दिला. चिटणीस म्हणाले, ‘काका, वाळली ना आता ओल? कशाला उकरून काढता?’ मी त्यांच्याकडून अर्जाची पोच शिक्क्यानिशी घेतली आणि दुसरी प्रत उपनिबंधकांच्या कचेरीसाठी तयार ठेवली आहे.