तेलकट पानांचं पुस्तक

२०२० साल संपता संपता इंग्लंडच्या हेन्स प्रकाशनाने जाहीर केलं की नव्या गाड्यांची छापील वर्कशॉप मॅन्युअल यापुढे निघणार नाहीत. जुनी पुस्तकं छापली जातील, पण बाजारात आलेल्या नव्या गाडीचं नवं पुस्तक निघणार नाही. महासाथीच्या त्या वर्षात ही बातमी कोणाच्या लक्षात राहावी अशी नव्हतीच. ज्यांच्या घरामागच्या शेडमध्ये एखादी जुनी टू-सीटर चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती, त्यांच्याकडे मात्र सुतक आलं.

हे पुस्तक सुरू करणारे जॉन हेन्स त्याआधीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ऐंशीव्या वर्षी गेले होते. सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावर १९३८ साली जन्मलेला हा मुलगा इंग्लंडच्या वसतिशाळेत शिकला. रग्बीतून सूट मिळवून तो वेळ त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनची हलकी स्पोर्ट्स गाडी बनवण्यात घालवला. ते कसं केलं हे सांगणारी एक पुस्तिकाही त्याने काढली आणि तिच्या अडीचशे प्रती हातोहात खपल्या. रग्बी खेळला असता तर इंग्लंडला आणखी एक साधारण खेळाडू मिळाला असता, एवढंच.

खरी गोष्ट एडनची आहे. १९६५ च्या सुमारास हेन्स हवाई दलाच्या नोकरीत तिथे होते. त्यांच्या एका सहकाऱ्याने ऑस्टिन-हीली स्प्राइट विकत घेतली होती आणि गाडीची अवस्था वाईट होती. कारखान्याचं अधिकृत मॅन्युअल उघडलं तर ते कंपनीच्या प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेलं. त्यात पानोपानी खास हत्यारं होती आणि ‘हे तुम्हाला माहीतच आहे’ असं गृहीत धरलेलं होतं. हेन्सनी कॅमेरा आणला. इंजिन खोलायला घेतलं आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढत पुन्हा जोडलं. त्यातून १९६६ मध्ये पहिलं मॅन्युअल निघालं. तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. पुढे जगभरात या मॅन्युअलच्या वीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

सुरुवात स्प्राइटपासून झाली हे मला फार योग्य वाटतं. १९५८ च्या मे महिन्यात आलेली ही गाडी स्वस्त स्पोर्ट्स कार हवी म्हणून डोनाल्ड हीली यांनी आखली होती. बॉनेटवर उभे गोल दिवे, म्हणून लोक तिला ‘फ्रॉगआय’ म्हणत. ९४८ सीसीचं साधं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर आणि ताकद जेमतेम ४३ अश्वशक्ती. पैसे वाचवण्यासाठी डिकीला झाकणच नाही, त्यामुळे स्टेपनी काढायची तर सीट पुढे ढकलून मागच्या अंधारात रांगत जायचं. दारांना बाहेरून मुठी नाहीत, आत हात घालून उघडायची. उलट पुढचं बॉनेट मडगार्डसकट अख्खं वर उचललं जातं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी हाताशी येतं. १९६१ पर्यंत अशा ४८,९८७ गाड्या बनल्या. त्या घेणाऱ्यांच्या खिशात गाडी घेण्यापुरते पैसे असत, दुरुस्तीपुरते क्वचितच. म्हणजे मालकच मिस्त्री.

हाताशी आलेलं इंजिन म्हणजे सोपं काम नव्हे. कार्बोरेटर दोन असले की दोघांनी सारखाच श्वास घ्यायला हवा. त्यासाठी लागतो रबरी नळीचा एक तुकडा. एक टोक कानाशी, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि मग दुसऱ्याच्या. हवेची सू-सू दोन्हीकडे सारखी ऐकू येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू पावपाव फिरवायचे. मग पेट्रोलचं प्रमाण. एका कार्बोरेटरचा पिस्टन अगदी मिलिमीटरभरही नाही इतका उचलायचा आणि ऐकायचं. इंजिन चढून चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त आहे. गळाठलं तर कमी. किंचित चढून पुन्हा जागेवर आलं की जमलं. एक बरोबर केला की दुसरा थोडा बिघडतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. यात महागडं यंत्र कुठेही नाही, फक्त कान आणि चिकाटी. हे कागदावर लिहून शिकवता येतं यावर पुस्तक वाचण्याआधी कोणाचा विश्वास बसला नसता.

टॅपेटचा हिशोब तर शाळेत शिकवावा इतका देखणा. व्हॉल्व्ह आठ. पहिल्याची गॅप तपासायची तर आठवा पूर्ण उघडा हवा, दुसऱ्याची तपासायची तर सातवा, तिसऱ्याची तर सहावा. बेरीज कायम नऊ. इंजिन थंड, गॅप ०.०१२ इंच. प्लग काढून ठेवायचे, गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि हळूहळू ढकलत इंजिन फिरवायचं. ढकलायला घरातलं कोणी तरी लागतं आणि तिथे संसाराची परीक्षा होते.

पण जुन्या गाडीत माणूस हरतो तो गंजापुढे. स्प्राइटच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये खालच्या विशबोनच्या टोकाला आट्यांची एक पिन असते, कॉटरने अडकवलेली. वेळच्या वेळी ग्रीस गेलं नाही तर पाणी शिरतं आणि पिन विशबोनशी एकजीव होते. पुस्तकात ती काढायला एक वाक्य पुरतं. प्रत्यक्षात आधी कॉटर निघत नाही, हातोडा मारला की त्याचे आटे चेपतात. मग तेल पाजून रात्रभर ठेवा, टॉर्चने तापवा, पुन्हा ठोका. शेवटी हॅकसॉचं पातं फटीत घालून पिन कापायची आणि बहुतेक वेळा नवा विशबोन आणायचा. क्लच बदलायचा असेल तर इंजिन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. ते परत बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या भोकात नेमका शिरायला हवा. त्यासाठी मापाचा लाकडी दांडका घालून प्लेट मध्यावर धरायची, ही युक्ती माहीत नसेल तर दोन माणसं घाम गाळतात आणि इंजिन बोटभर अलीकडेच अडतं. मागच्या स्प्रिंगा बॉडीच्या पत्र्यात खुपसलेल्या असतात. तिथला पत्रा कुजला की वेल्डिंगआधी दाराच्या चौकटीला आतून आधार द्यावा लागतो, नाही तर बॉडी बसते आणि दार पुन्हा म्हणून लागत नाही.

साधी गोष्ट पान्यांची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे घरात असलेला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की घसरतो आणि नटाचे कोपरे घेऊन जातो. इंचांच्या पान्यांचा संच वेगळा विकत घ्या, हे जुन्या इंग्लिश गाडीच्या मालकाला पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं.

या पुस्तकांचे दोषही होते आणि श्रद्धांजलीत ते लपवायचं कारण नाही. काळे-पांढरे फोटो अनेकदा इतके गढूळ की कोणता हात आणि कोणता गिअरबॉक्स हे ओळखावं लागे. सगळं खोलून झाल्यावर ‘आता याच क्रमाने उलटं जोडा’ अशा अर्थाची सूचना देऊन लेखक पसार होई. ज्याने कधी काही जोडलं आहे त्याला माहीत आहे की उलट्या वाटेवर खड्डे वेगळे असतात. पुढच्या काळातल्या पुस्तकांत कामाच्या शेजारी पान्यांची चित्रं आली. एक पाना म्हणजे नवशिक्यालाही जमेल, पाच पाने म्हणजे हात घालण्याआधी विचार करा. ‘हे तुझ्याने होणार नाही’ असं वाचकाला तोंडावर सांगणारं पुस्तक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. आणि या सगळ्यामागे एक नियम होता, जो हेन्सनी सोडला नाही: गाडी खरोखर विकत घ्यायची, साध्या हत्यारांनी खोलायची, जोडायची आणि मगच लिहायचं. लेखकाच्या नखांत तेच तेल.

आपल्याकडे हे पुस्तक मूठभरांनी वापरलं, कारण आपल्याकडे मिस्त्री होता. मजुरी स्वस्त, माणूस हुशार, आणि गाडीमालकाने हात काळे करणं जरा कमीपणाचं. नातं मात्र दूरचं नव्हतं. एमजीए या स्पोर्ट्स कारचं १४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या अँबॅसेडरचं इंजिन एकाच घराण्यातलं. इंग्लंडात ज्या इंजिनावर लोक रविवारी हौसेने वाकत, तेच इंजिन आपल्याकडे सरकारी साहेब आणि टॅक्सीवाले चालवत होते. तिथे त्याची विद्या छापली गेली, इथे ती उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली, तीही पोऱ्या टिकला तर.

नवी पुस्तकं का थांबली हे समजायला अवघड नाही. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. बिघाड शोधायला संगणक जोडावा लागतो. भाड्याने घेतलेली गाडी तीन वर्षांनी परत जाते, तिचं सस्पेन्शन कोण खोलणार? आणि फोनवर व्हिडिओ आहेतच. ते उपयोगी आहेत, मान्य. पण एक जण क्लच दाखवतो, दुसरा ब्रेक, तिसऱ्याची गाडी दुसऱ्याच सालातली. पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत एकाच गाडीची जबाबदारी घेणारा कोणी नाही. आज रस्त्यावर धावणाऱ्या स्पोर्ट्स कार तीस वर्षांनी कोणाच्या तरी शेडमध्ये ठोकळ्यांवर उभ्या राहतील, तेव्हा त्यांच्या शेजारी तेलकट पानांचं पुस्तक नसेल.

म्हणून एक विनंती. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ती गाडी डोळे मिटून खोलणारे मिस्त्री अजून आहेत, पण ते वयस्कर झाले आहेत. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल आणि एखादी पद्मिनी किंवा अँबॅसेडर कुठे उभी असेल, तर एका सुट्टीच्या दिवशी दोघांना एकत्र आणा. फोनमधला कॅमेरा हेन्सच्या कॅमेऱ्यापेक्षा नक्कीच चांगला आहे. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, मिस्त्री काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि जोडतानाचं वेगळं लिहा.