जुन्या बोल्टांना जस्ताचा हात

लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर पडलेला बोल्ट सकाळी ओला असतानाच पितळी ब्रशनं घासला, तेव्हा गंजाखालून डोक्यावरची अक्षरं वर आली : जीकेएन. गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स. बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या ज्या स्मेदिकमध्ये मी राहते, तिथल्याच हीथ स्ट्रीटवर नेटलफोल्डांचा स्क्रूचा कारखाना होता. अमेरिकन स्क्रू-यंत्राचे हक्क विकत घेऊन जॉन नेटलफोल्ड यांनी मेहुणे जोसेफ चेंबरलेन यांच्या भागीदारीत १८५४ मध्ये तो उभारला. मुंबईकरांनाही हे घराणं परकं नाही. भांडुपचा गेस्ट कीन विल्यम्सचा कारखाना त्याच्याच गोतावळ्यातला होता. असा बोल्ट फेकून द्यायचा आणि त्या जागी दुकानातला चकचकीत स्टेनलेस स्टीलचा बसवायचा, याला माझा हात धजावत नाही.

ज्या गाडीतून तो निघाला ती मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. १९५६ ते १९५९ या काळात ऑक्सफर्डजवळच्या काउलीत बनलेली. नाव ओळखीचं नसलं तरी मराठी वाचकाला गाडी ओळखीची आहे. हिंदुस्थान मोटर्सनं हिचीच ॲम्बॅसडर केली आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती २०१४ पर्यंत निघत राहिली. इंग्लंडमध्ये मात्र मिनी किंवा एमजीबीच्या सामानाची जशी दुकानं आहेत तशी हिच्यासाठी नाहीत. इंजिन बी-सिरीजचं, त्याचं काहीबाही मिळतं. पण बॉनेटची कडी, डिकीच्या बिजागऱ्या, कार्ब्युरेटरच्या दांड्या, वायरिंग धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या हे सगळं जे आहे तेच जगवावं लागतं.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या अशा सामानावर जस्ताचा नाहीतर कॅडमियमचा थर असे. कॅडमियम विषारी आहे, घरी त्याच्या वाटेला जायचं नाही. शिवाय जुना थर नेमका कशाचा हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून असे भाग मी कोरडे घासत नाही, ग्राइंडरला लावत नाही, गॅसच्या ज्योतीवर धरत नाही. जस्ताचं तसं नाही. जस्त घरच्या गॅरेजमध्ये, दारं उघडी ठेवून, नीट काळजी घेऊन चढवता येतं. आणि त्याचं खरं मोल चकाकीत नाहीच. थरावर ओरखडा पडून खालचं लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. रंगाला हे जमत नाही.

माझे मामा भोसरीच्या एमआयडीसीत प्लेटिंगचं वर्कशॉप चालवायचे. लहानपणी तिथं पाऊल टाकलं की आम्लाच्या वासानं नाक झोंबायचं आणि ते आम्हाला बाहेर पिटाळायचे. आता त्यांनी काम थांबवलंय, पण फोनवर व्हिडिओ सुरू केला की त्यांचा आवाज तसाच चढतो. मी मोठ्या हौसेनं पॉवर सप्लाय, टाकी, जस्ताच्या पट्ट्या असं सगळं दाखवायला लागले, तर ते म्हणाले, “अगं, टाकी नंतर बघू. आधी जॉब पाण्यात बुडवून वर काढ आणि पाणी कसं उतरतंय ते मला दाखव.”

या एका परीक्षेवर सगळं काम उभं आहे. भाग कॉस्टिक सोड्याच्या कोमट पाण्यात धुऊन, स्वच्छ पाण्यातून काढून उभा धरायचा. पृष्ठभाग खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा सलग पातळ पडदा त्यावर टिकतो. कुठे तेलाचा अंश राहिला असेल तर तिथं पडदा फाटतो, पाणी मागे सरतं आणि कोरडं बेट दिसू लागतं. बॉनेटची कडी मी अशी धरली, तर बाकी सगळी ओलीच्या ओली आणि रिव्हेटभोवती नखाएवढी कोरडी जागा. त्या रिव्हेटखाली साठ वर्षांचं ग्रीस लपलेलं. मामांनी फोनमधूनच मान हलवली. पुन्हा सोडा, पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. ती जागा ओली राहायला लागल्यावर त्यांनी पुढं जायला सांगितलं.

कल्हईवाला भांडं तापवल्यावर कथील लावण्याआधी नवसागराची पूड फिरवायचा, ती याचसाठी. उघड्या, निर्मळ धातूशिवाय धातू धातूला धरत नाही. गंमत म्हणजे नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड जस्ताच्या काही टाक्यांमध्येही घालतात. माझ्या टाकीत पोटॅशियम क्लोराइड आहे, त्यात झिंक क्लोराइड आणि थर गुळगुळीत यावा म्हणून थोडा ब्राइटनर. गंज काढायला लिंबूसत्त्व पुरतं. १५ टक्क्यांहून तीव्र गंधकाम्ल इथं सामान्य माणसाला होम ऑफिसच्या परवान्याशिवाय घेता येत नाही, आणि या कामाला त्याची गरजही नाही.

बर्मिंगहॅम शहर या विद्येचं माहेर आहे. न्यूहॉल स्ट्रीटच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेनं चांदीचा मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. त्यातली सायनाइडच्या द्रावणाची कल्पना जॉन राइट या बर्मिंगहॅमच्याच शल्यवैद्याची. तेव्हा वीज बॅटरीतून यायची. पुढे १८४४ मध्ये प्लेटिंगसाठी वुलरिचचं विद्युतजनित्र बनलं, ते आज थिंकटँक या इथल्या विज्ञान संग्रहालयात आहे. लाकडी चौकटीत बसवलेले भलेमोठे लोहचुंबक आणि त्यांच्यामध्ये फिरणारी वेटोळी. उद्योगात वापरलं गेलेलं हे सर्वांत जुनं जनित्र मानतात. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. माझ्या टेबलावरचा पॉवर सप्लाय जे करतो तेच ते करत होतं.

विजेचं गणित मात्र फॅरडेनं १८३३-३४ मध्येच मांडून ठेवलंय, आणि ते इतकं सरळ आहे की मला त्याचा दरवेळी आनंद होतो. १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद एवढ्या पृष्ठभागाला एक अँपिअर दिला, तर तासाभरात सुमारे १७ मायक्रॉन जस्त बसतं. बोल्टला ८ मायक्रॉन पुरतात, म्हणजे अर्धा तास. घाई करून करंट वाढवला तर कडा आणि टोकं करपून काळपट, खरखरीत होतात आणि खोलगट भाग तसेच उघडे राहतात. जास्त वेळ ठेवून जाड थर दिला तरी नुकसान आहे, कारण आट्यांच्या दोन्ही उतारांवर जस्त चढतं. युएनएफ मापाच्या ६० अंशांच्या आट्यांवर ८ मायक्रॉनचा थर मापात चौपट होऊन ३२ मायक्रॉन भरतो. मग नट अर्ध्यावर अडतो आणि माणूस पान्यावर जोर देतो. म्हणून प्रत्येक भागाचा पृष्ठभाग मी आधी मोजते, वहीत लिहिते आणि मगच करंट ठरवते.

इंग्लंडच्या हिवाळ्यात गॅरेजमधलं पाणी टाकीच्या कामाचं नसतं. द्रावण २० ते ३० अंशांत राहायला हवं, ते काम माशांच्या काचेच्या टाकीत ठेवायचा हीटर करतो. माशांच्या सामानाच्या दुकानातलाच हवेचा पंप द्रावण हलतं ठेवतो. जॉब मधोमध तांब्याच्या तारेनं टांगलेला, दोन्ही बाजूंना जस्ताच्या पट्ट्या, म्हणजे मागची पुढची बाजू सारखी निघते. करंट सुरू झाला की जॉबवर बारीक बुडबुडे धरतात. तो हायड्रोजन आहे. दार उघडं आणि आसपास ठिणगी नको.

टाकीतून निघालेला बोल्ट पांढुरका, जरासा दुधी दिसतो. त्याला असंच सोडलं तर दमट हवेत काही दिवसांतच पांढरी बुरशी धरल्यासारखा होईल. त्यावर पॅसिव्हेशन करावं लागतं, म्हणजे रसायनाचा संरक्षक पापुद्रा चढवावा लागतो. जुना सोनेरी-पिवळा रंग षट्संयुजी क्रोमियमचा असे, तो कर्करोगकारक आहे. मी त्रिसंयुजी क्रोमियमचं द्रावण वापरते. त्यातून निळसर किंवा पिवळसर असे दोन्ही रंग मिळतात. काही सेकंद बुडवायचं, धुवायचं आणि मग हात लावायचा नाही. ओला असताना हा पापुद्रा इतका मऊ असतो की बोटानं निघून येतो. दिवसभर टांगून ठेवल्यावर तो घट्ट होतो. पिवळ्या भागावर उजेड तिरपा पडला की हिरवी, गुलाबी झाक पळते. कार्ब्युरेटरच्या दांड्यांवर ती झाक मला हवीच होती. तिथं नुसतं चंदेरी चमकणारं काही बसवलं असतं तर गाडीचं वय खोटं वाटलं असतं.

धुण्याचं पाणी मोरीत जात नाही. जस्त माशांना घातक आहे. ते पाणी मी एका पिंपात जमवते, धुण्याचा सोडा घालून जस्ताचा साका खाली बसवते, गाळते आणि तो साका नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या सोयीनं देते. गंज उतरवलेलं लिंबूसत्त्वाचं पाणीही तिकडेच, कारण त्यात कॅडमियम असू शकतं.

आता त्या हायड्रोजनबद्दल, कारण सगळ्यात जास्त बोलायचं ते याच्याविषयी. त्याचे सगळेच अणू बुडबुडे होऊन वर जात नाहीत. काही पोलादात शिरतात. मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही, पण कठीण, ताणाखाली असलेलं पोलाद त्यानं ठिसूळ होतं आणि काही तासांनी किंवा काही आठवड्यांनी, कुठलीही सूचना न देता, कडकन तुटतं. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ‘चीजग्रेटर’ म्हणून ओळखली जाणारी उंच इमारत आहे. २०१४ मध्ये तिचे अजस्र बोल्ट तुटले. कारण हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा होतं. माणसाच्या दंडाएवढ्या बोल्टाचं असं होत असेल, तर स्टिअरिंगच्या बोल्टाचं काय?

कारखान्यांत असे भाग प्लेटिंगनंतर लगेच, साधारण २०० अंशांवर कित्येक तास भट्टीत ठेवतात, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. स्वयंपाकघरातला ओव्हन तेवढा तापतो खरा, पण तेवढं पुरतं की नाही हे तपासायची माझ्याकडे काही सोय नाही. इथं ४० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही. म्हणजे गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे की नाही हे पाहणारी मीच. म्हणून माझ्या वहीत दोन रकाने आहेत. ‘घरी’ या रकान्यात कड्या, बिजागऱ्या, पत्र्याच्या पट्ट्या, पंख्याचे आणि बॉनेटचे बोल्ट. ‘बाहेर’ या रकान्यात ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, स्प्रिंगा आणि १०.९ किंवा त्याहून वरच्या ताकदीच्या श्रेणीचं सगळं. त्यातलं काही ब्लॅक कंट्री या इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या, भट्टी असलेल्या प्लेटिंगवाल्याकडे जातं, काही नवीनच विकत घ्यायचं.

गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरचे बोल्ट कुठल्या रकान्यात, यावर मामांचं आणि माझं एकमत नाही. “मऊ पोलाद आहे गं, घरीच कर,” असं ते म्हणतात. आयुष्यभर हाच धंदा केलेल्या माणसाचं मत मी हलकं धरत नाही. पण त्या बोल्टांच्या डोक्यावर कसलीच खूण नाही. ते मऊ आहेत हे मला कुणी मोजून सांगेपर्यंत मी त्यांना ‘बाहेर’च ठेवणार आहे.