ताईच्या गळ्याचं दुखणं

३ ऑक्टोबर
सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला : पॅपिलरी कार्सिनोमा. थायरॉइडच्या कॅन्सरांत हाच जास्त आढळतो, सावकाश वाढतो, उपचारांना चांगली दाद देतो, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येताच भावोजी फोनवर मालवणला ज्याला त्याला 'चांगल्यातला कॅन्सर आहे' म्हणून सांगत सुटले. ताई बाकावर पर्स आवळून बसलेली. शेवटी म्हणाली, "इतको बरो आसा, तर तुमीच घेवा."

२० ऑक्टोबर
ग्रंथी पूर्ण काढली. आवाजाची नस तिच्या मागूनच जाते, म्हणून शुद्धीवर येताच तिला बोलतं केलं. घोगरा, पण आवाज आला. आज बोटांना, ओठांभोवती मुंग्या. कॅल्शियम उतरलंय. थायरॉइडमागच्या तांदळाएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या की असं होतं म्हणे. गोळ्या सुरू.

१३ नोव्हेंबर
मुक्काम माझ्याकडे, डोंबिवलीला. रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, द्यायचं तर रक्तातला टीएसएच (थायरॉइडला चेतवणारा हार्मोन) ३०च्या वर चढायला हवा, म्हणून ग्रंथीच्या हार्मोनची गोळी, थायरॉक्सिन, अजून सुरूच केलेली नाही. ताईला सतत थंडी, चेहरा सुजलेला, बोलता बोलता पेंगते. त्यात पथ्य : मासळी, दूध, दही, अंडी, बेकरीचं, सगळं बंद. थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी आयोडीनला वखवखल्या पाहिजेत, म्हणजे औषध आलं की ओढून घेतील. मीठसुद्धा बिनआयोडीनचं. दुकानात सैंधवाची पाकिटं उलटीसुलटी करून बारीक अक्षरं वाचली; एकात आयोडीन घातलेलं निघालं. सुक्या बोंबलांची बरणी मी माळ्यावर टाकली. ताई म्हणाली, "नि शेजारणीचे बांगडे? त्यांच्या वासाचं काय करतेस?" पेंगत होती, तरी नाक जागं.

२७ नोव्हेंबर
काल परळला डोस दिला. शिशाच्या डबीतून कॅप्सूल आली. देणारा लगेच बाहेर. ताई खोलीत एकटी, आमचं बोलणं फोनवर. भरपूर पाणी प्यायचं, शौचालयात दोनदा फ्लश करायचा, लाळेच्या ग्रंथींसाठी लिंबाच्या गोळ्या चघळायच्या. आयोडीन-१३१ची ताकद आठ दिवसांनी निम्मी होते, बरंचसं त्याआधीच लघवीवाटे जातं. इतकी वर्षं आजारी माणसाच्या उशाशी बसणं म्हणजेच सेवा असं धरून चाललेले. इथे लांब राहायला सांगतात, आणि ते फार जड जातं.

३० नोव्हेंबर
किरणोत्साराच्या मीटरचा आकडा मर्यादेखाली आला, ताईला सोडलं. घरी वेगळी खोली, वेगळी ताटवाटी, कपडे वेगळे धुवायचे. नात दीड वर्षाची, तिला आधीच आजोळी धाडलंय. ताई तिला व्हिडिओवर पाहते आणि सुनेला खाण्यापिण्याच्या सूचना देते.

५ डिसेंबर
स्कॅनमध्ये फक्त गळ्यात थोडंसं उजळलं, लांब कुठे काही नाही. सहा महिन्यांनी रक्तात थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी उरल्याची खूण, तपासायचं. थायरॉक्सिन आता जन्मभर, पहाटे रिकाम्या पोटी. चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. ऑपरेशन, शिशाची खोली, सगळं निमूट सोसलं. चहावरून मात्र ती सकाळपासून डॉक्टरांचा उद्धार करतेय.