मंगळवेढ्याच्या शिवारावरील आकाश

रब्बीत मंगळवेढ्यास गेलात, तर दामाजीपंतांचे दर्शन घेऊन सायंकाळी शिवाराकडे अवश्य वळा. काळ्या रानात मालदांडी ज्वारी डोलत असते आणि कधी कधी आकाशातून एक तेजस्वी ठिपका शांतपणे सरकताना दिसतो. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. तेथील ताणामुळे निरोगी अंतराळवीरांचीही प्रतिकारशक्ती मंदावते. बालपणीच्या कांजिण्यांचे सुप्त विषाणू पुन्हा जागे होतात. उतारवयात आपल्याला होणारी नागीण याच विषाणूंची. अंगाच्या एकाच बाजूस आग होऊन पुरळ उठल्यास उताऱ्यात वेळ दवडू नका; ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेले उत्तम. पन्नाशीनंतरच्या लसीविषयीही डॉक्टरांना विचारा. दुष्काळात दामाजीपंतांना कोठारे उघडता आली, कारण ती आधीच भरलेली होती.