सोंगातला सेनापती आणि आष्टीचे रान

वाचकहो, गड्ड्याच्या यात्रेला म्हणा की बाजारहाटाला म्हणा, सोलापूरला तुमचे जाणे कधी ना कधी झालेच असेल. सिद्धेश्वराच्या तलावाला लागून असलेला तिथला भुईकोट किल्लाही तुम्ही पाहिला असेल. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, या भागात जाल तर गावोगाव मिरवणुका दिसतील. कालपर्यंत शेळ्यांमागे हिंडणारे पोर अंगरखा घालून, कमरेला लाकडी तलवार लावून तानाजी झालेले असते. म्हातारी माणसेही त्याला क्षणभर हात जोडतात.

सोंगाची ताकद आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. बहुरूपी दारी यायचा. आज फौजदार, उद्या सरदार, परवा देव. ज्या घरात अक्षरओळख नव्हती, त्या घरालाही पगडी कशी असते, ढाल पाठीवर कशी बांधतात, सरदार कसा बोलतो, हे त्यानेच दाखवले. शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक सोंगे घेण्यात पटाईत होते, असे आपल्याकडे सांगतात ते उगाच नव्हे.

पण एक गोष्ट मनाला लागते. आपण सोंगे घेतो ती जिंकणाऱ्यांची, नाहीतर ज्यांच्या मरणाने गड राखला त्यांची. जो लढला आणि ज्याच्या मागे राज्यही बुडाले, त्याचा पोशाख कोणी अंगावर चढवत नाही. असा एक सेनापती याच सोलापूर जिल्ह्यात पडला आहे. त्याचे नाव बापू गोखले.

सोलापूरहून मोहोळला या आणि तिथून आष्टीला जा. इंग्रजी अमदानीत बांधलेला मोठा तलाव तिथे आहे. त्याच्या आसपासची जमीन आपल्यासारख्याच कुणब्यांनी कसलेली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा पेशव्यांच्या फौजेचे नेतृत्व बापूंकडे होते. ती लढाई हातची गेली, पुणे गेले, आणि दुसरा बाजीराव फौजेनिशी मुलूखभर फिरत राहिला. २० फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्यांची फौज आष्टीजवळ गाठली. शत्रू अंगावर येईतो कळले नाही, याचा ठपका बाजीरावाने बापूंवर ठेवला, असे जुन्या इतिहासात नमूद आहे. आपली पाठ राखली जाईल, निश्चिंत असावे, एवढेच बापूंनी उत्तरादाखल कळवले. पेशवे घोड्यावर बसून निघून गेले. बापू थोड्या स्वारांनिशी उलट फिरले आणि इंग्रजांच्या घोडदळावर तुटून पडले. खुद्द स्मिथच्या डोक्याला तलवारीची जखम झाली. बापू तिथेच पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्या दिवशी इंग्रजांच्या हाती गेले. मे महिन्यात सोलापूरचा किल्लाही पडला, आणि जूनमध्ये बाजीराव शरण जाऊन, सालिना आठ लाखांचे पेन्शन घेऊन, बिठूरला राहायला गेला.

आता तारखांकडे पाहा. शिवजयंती १९ फेब्रुवारीची, आणि आष्टीची लढाई २० फेब्रुवारीची. ज्या दिवशी आपण फेटे सोडून, अंगरखे घडी घालून पेटीत ठेवतो, नेमका तोच दिवस बापूंच्या मरणाचा. स्वराज्य उभे कसे राहिले हे पोरांना आदल्या दिवशी सांगितले, तर ते गेले कसे हेही दुसऱ्या दिवशी सांगायला नको का? पीक आले कसे हे सांगणारा बाप, बुडाले कसे तेही मुलाला सांगतोच. त्याशिवाय पोरगा शेती शिकत नाही.

म्हणून एवढे करा. येत्या वर्षी पोशाख एक दिवस उशिरा पेटीत ठेवा. शाळेच्या अंगणात एखाद्या पोराला बापू गोखले होऊ द्या. गावात बहुरूपी येत असेल तर त्याला बोलावून पागोटे कसे बांधायचे ते विचारा, आणि दोन पायल्या जोंधळे मानाने घाला. ही विद्या जाणणारी घरे आता थोडी उरली आहेत. जमलेच तर मुलांना घेऊन आष्टीला जा. राज्य वाचणार नाही हे दिसत असतानाही दिलेला शब्द पाळणारा माणूस कुठे पडला, ते रान त्यांना दाखवा.